न्हाणीचं पाणी कुठे गेलं? मंचर-जुन्नरच्या परसबागांचा इतिहास

(मंचर येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. ध्वनिमुद्रण ऐकून लिहून काढताना बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न दिले आहेत.)



विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला फोन करून विचारलं, "इतिहासाच्या व्याख्यानात बागकाम कुठून आलं?" प्रश्न रास्त आहे. शिवनेरी तासाभराच्या अंतरावर, नाणेघाट तिथून पुढे, लेण्यांना तर आपल्याकडे तोटाच नाही. एवढं सगळं सोडून हा माणूस आळू आणि शेवग्यावर बोलणार म्हणजे काय?

तर त्याचं कारण सांगतो. गेल्या एप्रिलमध्ये मी मंचरमधल्या एका नव्या प्लॉटिंगमधून चाललो होतो. छान बंगले आहेत. पुढे फाटक, फाटकापासून दारापर्यंत पेव्हिंग ब्लॉक, डाव्या हाताला चटईएवढं लॉन, कडेला क्रोटनच्या आणि शोभेच्या पामच्या कुंड्या. आणि एका फाटकासमोर पाण्याचा टँकर उभा. टँकरवाला पाइप टाकीत सोडत होता आणि त्याच वेळी त्याच घराच्या मागच्या बाजूनं कपडे धुतलेलं फेसाळ पाणी गटारात जात होतं. मी तिथं थांबलो. पुढून विकतचं पाणी आत येतंय, मागून वापरलेलं पाणी बाहेर जातंय आणि मधलं लॉन पिवळं पडलंय. माझ्या आजीनं हे पाहिलं असतं तर ती त्या घरच्या सुनेला काहीतरी बोलली असती, ते इथे सांगत नाही. (हशा)

हल्ली 'इकॉलॉजिकल लँडस्केपिंग' हा शब्द आपल्यापर्यंत पोचलाय. देशी झाडं लावा, फुलपाखरं येऊ द्या, पाणी मुरवा, पालापाचोळा जाळू नका. सगळं योग्यच आहे. पण ते ऐकताना असं वाटतं की ही काहीतरी नवी गोष्ट बाहेरून आली. मला आज एवढंच दाखवायचं आहे की आपल्या या दोन तालुक्यांत बागेचा इतिहास हा झाडांचा इतिहास नाहीच. तो फेब्रुवारी ते जून या पाच महिन्यांतल्या पाण्याचा इतिहास आहे. ते पाणी कोण देणार, कोण वाहून आणणार आणि एकदा वापरल्यावर ते कुठे जाणार, हे ज्यानं ठरवलं त्याची बाग टिकली.

आपला भूगोल आधी डोळ्यांसमोर आणा. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला आहुपे, भीमाशंकर. तिथं जुलैमध्ये चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. तिथून घोड नदीच्या काठानं पूर्वेला निघालात की घोडेगाव, मग मंचर, आणि पुढे पाऊस कमी कमी होत शिरूरच्या बाजूला जवळजवळ दुष्काळी पट्टा. एकाच तालुक्यात भातखाचर आणि बाजरी. जुन्नरचंही तेच. त्यामुळे पुण्यातल्या किंवा बंगळुरूच्या पुस्तकातून उचललेला बागेचा नकाशा इथे चालेलच असं नाही. आहुप्याचा नकाशा मंचरला चालत नाही, तर बंगळुरूचा कुठून चालणार?

आता मागे जाऊ. जुन्नरच्या लेण्यांत सुमारे १,८०० ते २,००० वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख आहेत. बहुतेक लेख दानाचे. कुणी खोली दिली, कुणी सभामंडप. पण मोजून पाहा, पाण्याची दानं किती आहेत! पोढी, म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. इरिल नावाच्या एका यवनानं दोन पोढ्या दिल्या. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं दिलं आणि सोबत पोढी दिली. म्हणजे राहायला जागा देताना पाणी वेगळं द्यावं लागतं, हे त्या मंडळींना पक्कं ठाऊक होतं. आमच्या आजच्या काही बिल्डरांना... असो.

त्यातला एक लेख माझा फार आवडता आहे. अदुथुम नावाचा एक उपासक. नावापुढे 'शक' असा उल्लेख, म्हणजे मूळचा बाहेरून आलेला माणूस. त्यानं श्रेणीकडे जमीन लावून दिली: वडालिका इथली वीस निवर्तनं आणि कटापुतक इथली नऊ निवर्तनं. निवर्तन हे जमीन मोजायचं जुनं माप. वीस निवर्तनांच्या जोडीला करंजाचा उल्लेख आहे आणि नऊच्या जोडीला वडाचा. जुन्या भाषांतरकारांनी याचा अर्थ असा लावला की या जमिनींचं उत्पन्न करंजाची आणि वडाची झाडं लावण्यासाठी आहे. शब्दशः वाचलं तर 'करंजाच्या मुळाशी असलेली' जमीन असाही अर्थ निघू शकतो. मला पहिला अर्थ पटतो. पण तुम्ही दुसरा धरलात तरी करंज आणि वड ही या मातीतली झाडं जमिनीची ओळख सांगण्याइतकी महत्त्वाची होती, हे उरतंच.

पहिला अर्थ धरला तर बघा काय चित्र दिसतं. त्या माणसानं नुसती रोपं दिली नाहीत. रोप फुकट मिळतं, आजही नर्सरीतून मिळतं. दर पावसाळ्यात फोटोसकट लावली जाणारी रोपं पुढच्या मे महिन्यात कुठे असतात, हे तुम्हाला माहीत आहे. त्यानं झाडाच्या नावानं उत्पन्न लावून दिलं. म्हणजे ते झाड मोठं होईपर्यंत कुणीतरी पगारावर पाणी घालणार. झाड लावणं हा खर्च नाही, ते जगवणं हा खर्च आहे, हा हिशेब आपल्या जुन्नरात इतका जुना आहे.

पुढची पायरी तुमच्या गावातच आहे. मंचरची जुनी दगडी बारव तुम्ही पाहिली असेल. पायऱ्या आहेत, भिंतीत कोनाडा आहे, झिजलेला लेख आहे. बारवेची गंमत अशी की पाणी जसजसं खाली जातं तसतशी तुम्ही पायरी उतरता. उन्हाळ्याचं कॅलेंडरच ते, पायऱ्यांवर मोजायचं. चैत्रात अमुक पायरीला पाणी आहे म्हणजे ज्येष्ठापर्यंत पुरणार की नाही, हे बायका पाहून सांगायच्या. आजच्या बोअरवेलमध्ये तुम्हाला असं काही दिसतं का? मोटर कोरडी फिरायला लागते तेव्हाच कळतं.

जुन्नरच्या पूर्वेला हापूसबाग नावाचं गाव आहे. पाहुणे हमखास फसतात, त्यांना वाटतं इथे आंबे. ते नाव 'हबशी बाग' वरून आलं असं मानलं जातं. तिथला हबशी घुमट आणि महाल अजून उभे आहेत. मलिक अहमदनं १४९० मध्ये निजामशाही उभी केली ती जुन्नरहून. ही दरबारी बागांची परंपरा: सरळ रेषा, हौद, पाट, मधोमध बसायची जागा. नगरच्या फराहबागेला तर दुरून खापरी नळानं पाणी आणलं होतं. देखणं काम. पण हे सगळं सत्तेच्या पाण्यावर उभं. सत्ता गेली, नळ फुटला, दुरुस्तीला पैसा नाही, की बाग गेली. इमारत राहिली, बाग राहिली नाही. आपल्या बंगल्यापुढचं लॉन ही त्याच दरबारी बागेची धाकटी, गरीब बहीण आहे असं माझं मत आहे. दिसायला सरळ, आणि दुसरीकडून आणलेल्या पाण्यावर जगणारी.

शिवकाळानंतरच्या आज्ञापत्राचा उल्लेख इथे करायलाच हवा. रामचंद्रपंत अमात्यांच्या त्या ग्रंथात आरमारासाठी लाकूड तोडण्याचे नियम आहेत. त्यात आंबा, फणस यांना हात लावू नये असं बजावलंय, आणि कारण दिलंय ते फार महत्त्वाचं: ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरासारखी वाढवलेली असतात. म्हणजे झाडामागे घरातल्या माणसांची किती वर्षांची मेहनत असते, हे राज्यकारभाराच्या भाषेत मान्य केलेलं आहे.

मग इंग्रज आले. इथे एक गोष्ट आहे जी मंचर-जुन्नरच्या लोकांनाही फारशी माहीत नसते. अलेक्झांडर गिब्सन नावाचा स्कॉटिश डॉक्टर १८३८ पासून पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचा प्रमुख होता. त्या उद्यानाची एक शाखा आपल्या जुन्नर तालुक्यात, हिवरे इथे होती. सरकारी दवाखान्यांना लागणाऱ्या औषधी वनस्पती तिथे लावून पाहिल्या. पुढे १८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचा जंगलांचा पहिला प्रमुख झाला, आणि जंगल तुटलं की ओढे आटतात हे सरकारला सांगणाऱ्या सुरुवातीच्या अधिकाऱ्यांपैकी तो एक. १८४७ ते १८५० या काळात त्यानं दापोडीच्या बागेतल्या झाडांची सुंदर चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरात जपलेली आहेत. चित्रकाराचं नाव मात्र नोंदलेलं नाही.

आता माझ्यासारख्या इतिहासाच्या माणसाला इथे एक गोष्ट बोचते. साहेबाच्या बागेतल्या एकेका फुलाचं चित्र आहे, पण त्याच वेळी हिवऱ्यातल्या कुणबिणीच्या परसात काय लावलेलं होतं, याचं एकही चित्र नाही. दप्तरात परसबाग नसते. तिच्यावर सारा नव्हता, म्हणून नोंद नाही. मग तिचा इतिहास लिहायचा कसा? शब्दांवरून, घराच्या बांधणीवरून आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून. मी गेली काही वर्षं तेच करतोय. आज थोडं माझ्या आजीच्या परसाबद्दल सांगतो, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

घोडकाठचं आमचं गाव. घराला मागचं दार. दाराला लागून न्हाणी: एक मोठा धोंडा, तीन बाजूंनी तट्ट्या, कोपऱ्यात चुलीवर पाण्याचा हंडा. न्हाणीतून पाणी निघालं की पहिल्यांदा ते आळवात जायचं. आळूला घाण पाण्याचं वावडं नाही, पाय ओले असले की तो खूश. आळवाला लागून कर्दळ. तिथून पुढे केळीच्या आळ्यात. केळीपर्यंत पोचता पोचता पाण्यातला मळ बराचसा अडलेला असायचा. केळीच्या पलीकडे लिंबू आणि कढीलिंब, त्यांना जेवढं उरेल तेवढंच.

भांडी घासायची जागा वेगळी. राखेनं घासलेल्या भांड्यांचं पाणी दोडक्याच्या आणि कारल्याच्या वेलाला. पिण्याच्या पाण्याच्या रांजणाखाली जे ठिबकायचं ते स्वच्छ, म्हणून तिथे पुदिना आणि गवती चहा. पुढच्या अंगणात तुळस, तिला ताजंच पाणी, उष्टं-खरकटं चालायचं नाही. म्हणजे पाण्याला प्रती होत्या, आणि प्रत्येक प्रतीच्या पाण्याला ते चालेल असं झाड दिलेलं होतं. हा धर्म म्हणून पाळला जायचा की हिशेब म्हणून, हे आजीला विचारलं असतं तर तिला प्रश्नच कळला नसता.

कुंपणाला शेर. शेराचा चीक डोळ्यात गेला तर आग होते, म्हणून जनावर तोंड लावत नाही आणि पोरंही लांब राहतात. त्याच कुंपणावर घेवड्याचा वेल. शेवगा घरापासून लांब, कारण त्याची फांदी ठिसूळ, पोरगं चढलं की मोडणार. हादगा वाफ्याच्या कडेला: फुलांची भाजी, पाला शेळीला. भोपळा गोठ्याच्या छपरावर. वाफ्यांत मिरची, वांगी, मेथी आणि मधूनमधून झेंडू. झेंडूच्या मुळांमुळे मातीतली सूत्रकृमी कमी होते हे आता शास्त्र सांगतं. आजी म्हणायची, दसऱ्याला फुलं होतात. मावा पडला की सकाळी दंवावर चुलीतली राख फुंकायची. उकिरडा टोकाला, आणि पावसाळ्यात त्याच उकिरड्यावर आपोआप उगवलेला डांगराचा वेल.

पश्चिमेच्या अंगाला कडुनिंब. मे महिन्यातलं चारचं ऊन घरावर यायचं ते त्याच्यातून गाळून.

हे ऐकताना तुम्हाला छान वाटतंय, मला दिसतंय. पण इथेच थांबून दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी इतिहास सांगत नाही, कॅलेंडरवरचं चित्र दाखवतोय.

ही बाग इतकी काटकसरी का होती? कारण त्यातला प्रत्येक थेंब एका बाईनं डोक्यावर आणलेला होता. हंडा-कळशी घेऊन विहिरीपर्यंत, उन्हाळ्यात नदीतल्या झऱ्यापर्यंत. जे पाणी मानेनं उचललंय ते एकदा वापरून टाकून द्यायला जीव धजत नाही. म्हणून ते दोनदा, तीनदा वापरलं गेलं. परसबागेची ही सगळी रचना बायकांच्या मानेवर उभी होती. माझ्या आजीची मान शेवटी शेवटी वळत नव्हती.

आणि दुसरं. गावात विहीर होती म्हणजे सगळ्यांना पाणी होतं असं नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीला गावच्या विहिरीवर पायरी उतरायची सोय नव्हती. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा आहे, तो उगाच झाला नाही. ज्याला प्यायचं पाणी दुसऱ्यानं वरून ओतेपर्यंत ताटकळत थांबावं लागायचं, त्याच्या न्हाणीतून केळीपर्यंत किती पाणी जाणार? तिथलं परस पावसाळ्यापुरतं: माठ, तांदुळजा, घोळ, एखादा डांगराचा वेल. म्हणून 'आपल्याकडे घरोघरी परसबाग होती' हे वाक्य मी म्हणत नाही. पाण्यावर ज्यांचा हक्क होता त्यांच्या घरी ती होती.

पश्चिमेकडे, महादेव कोळी वस्त्यांमध्ये, आणखी वेगळं. तिथे परस आणि रान यांच्यात रेघच नाही. बांधावर आंबा, उतारावर हिरडा, पावसाच्या तोंडाला रानातून कुर्डू, भारंगी, चाईचा मोहर, करटुली. आणि पडकई. पडकई म्हणजे उतारावर दगडाचे बांध घालून, सगळ्यांनी मिळून एकेकाचं शेत टप्प्याटप्प्यानं सपाट करणं. लँडस्केप डिझाइन याहून वेगळं काय असतं? आहुप्याची देवराई तुम्ही पाहिली असेल. अशा देवरायांवर वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात लिहिलं, तेव्हा शिकलेल्या जगाला कळलं की गावकऱ्यांनी देवाच्या नावानं जुन्या जंगलाचे तुकडे राखून ठेवलेत. देवराई ही त्या भागातली रोपवाटिका होती असं म्हटलं तरी चालेल. बी तिथून रानात, रानातून बांधावर, बांधावरून परसात.

त्या खोऱ्यातलं जुनं आंबेगाव आता डिंभे धरणाच्या पोटात आहे. आपल्या तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते गाव पाण्याखाली आणि कचेरी घोडेगावात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावाच्या खुणा वर येतात. त्या गावांची परसं गेली आणि त्याच पाण्यानं खाली पूर्वेकडे कालवा आला. मंचरच्या अंगाला ऊस आला, पारगावला साखर कारखाना आला. पाणी आल्यावर परसबागा वाढायला हव्या होत्या, नाही का? झालं उलटं.

कारण घरामागच्या जागेलाच भाव आला. तिथे कांदाचाळ उभी राहिली, ट्रॅक्टर उभा राहिला. बारा महिने भाजी बाजारात. नारायणगावला टोमॅटो ट्रकनं, सातगाव पठारावरून बटाटा, मंचरच्या बाजारात सगळंच. घरची दोडकी कोण तोडत बसणार? आणि नळ आला. नळ आला हे फार चांगलं झालं, बायकांची मान सुटली, याबद्दल मला जराही खंत नाही. खंत एवढीच की नळ घरात आणताना पाणी बाहेर कसं जाणार याचा विचार गवंड्यानं केला, बाईला कुणी विचारलं नाही. न्हाणी घराच्या आत आली, बाथरूम झाली, तिचा पाइप थेट गटाराला. आळवाचं बेट वाळलं. मग केळ गेली. मग कुणीतरी म्हणालं, मागे नुसता चिखल होतो, फरशी टाकून घ्या.

हे परत सांधायचे प्रयत्न महाराष्ट्रात झालेले आहेत आणि ते थोर आहेत. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर, गणिताचे प्राध्यापक, त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचं पोषण कसं निघेल हे त्यांनी ऊन, पानांचं क्षेत्रफळ, मुळांचा पसारा असं मोजून मांडलं. पुण्यात प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये इकॉलॉजिकल सोसायटी सुरू केली, आणि उजाड जमीन पुन्हा कशी जिवंत होते हे शिकवलं. आणि आपल्या डोंगरापलीकडे, अकोले तालुक्यात कोंभाळण्याला, राहीबाई पोपेरे. त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांची बियाणे बँक म्हणजे एका अर्थानं परसाचं दप्तर आहे. घेवड्या-वालाचे जे वाण कुठल्याही सरकारी कागदात नव्हते ते त्यांनी मडक्यात आणि डोक्यात जपले. मघाशी मी म्हणालो ना, साहेबाच्या बागेचं चित्र आहे आणि कुणबिणीच्या परसाचं नाही. राहीबाईंच्या घरी गेलात की ते चित्र बघायला मिळतं. उमेद अभियानानंही २०२० मध्ये 'माझी पोषण परसबाग' ही मोहीम गावोगाव राबवली. त्यातले वाफे काही ठिकाणी टिकले, काही ठिकाणी उन्हाळ्यात सुकले. कुठे टिकले? मी पाहिलं त्या घरांत तरी, जिथे सांडपाण्याची चारी वाफ्यापर्यंत नेलेली होती तिथे.

आता थोडा हिशेब करू. जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी रोज ५५ लिटर. पाच माणसांचं घर म्हणजे रोज २७५ लिटर. यातलं पिण्या-स्वयंपाकाचं आणि संडासाचं वजा केलं तरी दीडशे लिटरच्या आसपास पाणी आंघोळीचं आणि धुण्याचं निघतं. एवढ्यावर चार-पाच केळी, एक लिंबू, एक पपई, आळूचं बेट आणि एक-दोन वेल भर उन्हाळ्यात आरामात जगतात. दुसरा हिशेब छताचा. हजार चौरस फुटांचं स्लॅब म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. वर्षाला सहाशे मिलिमीटर पाऊस धरला तरी पंचावन्न हजार लिटर पाणी तुमच्या डोक्यावर पडतं आणि पन्हळीतून रस्त्यावर जातं. ते बोअरजवळ खड्डा घेऊन मुरवलं तर टँकर आणायची वेळ निदान पुढे ढकलली जाईल.

एक सावधगिरी मात्र. आजीच्या पाण्यात शिकेकाई होती, डाळीचं पीठ होतं. आपल्या पाण्यात डिटर्जंट आहे. त्यातला सोडियम काळ्या जमिनीत साठला की माती घट्ट होते, पाणी वर तुंबतं. म्हणून वॉशिंग मशीनचं पाणी थेट मेथी-कोथिंबिरीला घालू नका. आधी खडी-वाळूचा थर, त्यावर कर्दळ आणि आळू, मग पुढे फळझाडांना. पावसाळ्यात जमीन धुऊन निघू द्या. एवढाच काय तो आजीच्या नकाशात बदल.

लॉन काढा असं मी म्हणत नाही. म्हणतो असं वाटलं असेल तर हो, म्हणतो. (हशा) पण निदान पेव्हिंग ब्लॉकच्या दोन पट्ट्या ठेवा, गाडीची चाकं जातात तेवढ्या, आणि मधली माती उघडी सोडा.

प्रश्न: सर, तुम्ही म्हणता घरामागे झाडी करा. आमच्याकडे बिबट्या आहे. घराजवळचं होतं नव्हतं ते झुडूप आम्ही काढून टाकलंय. तुमची परसबाग करायची कशी?

हा प्रश्न तुम्ही विचारला नसता तर मीच काढणार होतो. जुन्नर-आंबेगावात या प्रश्नाशिवाय बागेवर बोलणं हे बेजबाबदारपणाचं आहे. माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे ते काही शोभेला नाही. बिबट्याला लपायला मिळतं ते मुख्यतः उसात, आणि घराजवळ तो येतो कुत्रं, शेळी, कोंबडी यांच्यासाठी. त्यामुळे आजीचा नकाशा इथे जसाच्या तसा लावू नका. मागच्या दारापासून पंधरा-वीस फुटांत गुडघ्यापेक्षा उंच काही नको: पुदिना, मेथी, मिरची चालेल. झाडं लावायची ती एकखोडी, खालच्या फांद्या छाटलेली, म्हणजे नजर आरपार जाते: शेवगा, पपई, लिंब उंच वाढवलेला. केळीचं दाट बेट आणि आळू दाराशी नको, पाइपनं थोडं लांब न्या आणि तिथे दिवा लावा. कुंपणाला दाट झुडपाऐवजी जाळी, तिच्यावर घेवडा. तो वेल हिवाळ्यात भरात असतो, म्हणून ऊसतोडीच्या दिवसांत, बिबट्या बाहेर पडतो तेव्हा तो छाटून कुंपण मोकळं ठेवा. खरकटं उघड्यावर टाकू नका, झाकणाचा खड्डा करा, नाहीतर कुत्री जमतात. शेळ्या बंद गोठ्यात. आणि तिन्हीसांजेला भाजी तोडायला पोरांना पाठवू नका, सकाळी तोडा.

प्रश्न: आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, आम्हाला परसच नाही. आमच्यासाठी काय?

तुमच्या सोसायटीच्या बेसिनचं आणि बाथरूमचं पाणी एकत्र कुठल्या पाइपनं उतरतं, ते आधी खाली जाऊन बघा. बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. संडासाचा पाइप वेगळा असेल तर तुमचं काम निम्मं झालं. मंचरमध्येच मी एका सोसायटीत पाहिलं, वॉचमनच्या बायकोनं पार्किंगच्या कडेला गळक्या पाइपखाली आळू लावलेला होता, तीन फुटांचा पट्टा. तिला कुणी शिकवलं नव्हतं. गणपतीत सगळ्या मजल्यांवर तिनं फदफद्याला पानं दिली होती. पुढच्या महिन्यात प्लंबर आला आणि पाइप दुरुस्त केला. मी सेक्रेटरींना म्हटलं, पाइप दुरुस्त केलात ते बरं झालं, पण त्याला खालच्या बाजूनं एक तोटी ठेवा. अजून ठेवलेली नाही. परवा पुन्हा गेलो होतो, ती बाई दुसऱ्या मजल्यावरच्या एसीच्या पाण्याखाली बादली लावत होती.